पडद्याआधी पट्टा दाखवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चालकाविना धावणाऱ्या गाड्या आतून कशा असतील यावर लेख आला होता. लेखाबद्दल माझी फारशी तक्रार नाही, खरी तक्रार आहे ती सोबतच्या चित्राबद्दल. चौघे जण समोरासमोर बसलेत, मधे टेबल, एकीच्या मांडीवर लॅपटॉप, एक आजोबा जवळजवळ आडवे होऊन सिनेमा बघताहेत आणि खिडक्यांच्या जागी काठोकाठ पडदे, म्हणजे स्क्रीन. चित्र झकास आहे. फक्त चौघांपैकी एकाच्याही अंगावर सीटबेल्टचा पट्टा नाही, निम्म्या खुर्च्यांना डोकं टेकायला काही नाही आणि तो लॅपटॉप कशालाही अडकवलेला नाही.

माझी सगळी नोकरी गाड्यांच्या सीट घडवण्यात गेली. फोम, रेल, रिक्लायनर, कव्हर ही माझी दुनिया. अजूनही कुणाच्या गाडीत बसले की आधी माझा हात सीटच्या दाराकडच्या कडेला जातो. घरातले हसतात, पण सवय जात नाही. ज्या गाड्यांत साइड एअरबॅग सीटमधेच बसवलेली असते, त्यांत या कडेला एक शिवण असते. बाकीच्या शिवणी पक्क्या, ही मात्र ठरावीक ताणाला उसवलीच पाहिजे अशी मुद्दाम घातलेली. बाजूने धडक बसली की आत घडी घालून ठेवलेली पिशवी ही शिवण फाडून बाहेर येते. दोरा कुठला घ्यायचा, टाका केवढा ठेवायचा, यावर आम्ही भरपूर डोकेफोड केलेली आहे. आणि मग कुणीतरी हौसेने त्यावर जाडजूड कव्हर चढवतो, ते बघून माझा जीव खालीवर होतो. सांगायचं इतकंच, की गाडीतली सीट हे अपघातात काम करणारं यंत्र आहे. एरवी तिच्यावर बसता येतं, ही जोडीची सोय.

असली चित्रं नवीन नाहीत. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी एक जाहिरात केली होती. काचेच्या घुमटाची मोटार महामार्गावरून आपोआप चालली आहे आणि आतलं कुटुंब टेबलाभोवती डॉमिनो खेळतंय. २०१५ मधे मर्सिडीजने एफ ०१५ ही प्रायोगिक गाडी दाखवली, तिच्यात चार फिरत्या खुर्च्या आणि दारांमधे पडदे होते. २०१८ मधे व्होल्वोने ३६०सी दाखवली, तिच्यात तर झोपायची सोय. (व्होल्वोला एवढं श्रेय द्यायला हवं, की झोपलेल्या माणसाला अपघातात धरून ठेवण्यासाठी त्यांनी खास पांघरुणाची कल्पना मांडली होती. त्यांना आठवण राहणारच. तीन टोकांचा पट्टा त्यांच्याच निल्स बोहलिन यांनी १९५९ मधे आणला.)

प्रत्यक्ष रस्त्यावर काय आलं? चालकाविना टॅक्सी चालवणाऱ्या वेमो कंपनीने २०१८ च्या अखेरीस अमेरिकेतल्या फीनिक्समधे पैसे घेऊन प्रवासी न्यायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या ताफ्यात जग्वारच्या आय-पेस आल्या. बाजारात मिळायची तीच गाडी, सगळ्या सीटची तोंडं पुढे, स्टीअरिंगसुद्धा जागेवर. समोरासमोर बसवणारी क्रूझ कंपनीची ओरिजिन ही गाडी २०२० मधे मोठ्या थाटात दाखवली गेली आणि २०२४ मधे गुंडाळली गेली. झूक्स कंपनीने मात्र समोरासमोरची बैठक रस्त्यावर आणून दाखवली, पण त्यासाठी त्यांना एअरबॅगची सगळी मांडणीच नव्याने करावी लागली. म्हणजे खुर्ची फिरवणं हा सजावटीचा प्रश्न नव्हता, हे ज्यांनी खरोखर फिरवून बघितली त्यांना कळलं.

आता मुद्द्यावर येते. या गाड्यांच्या आत कामाची आणि करमणुकीची सोय करायची असेल तर पडदा, टेबल, वायफाय हे सगळं नंतर. आधी प्रवाशाचं पोट आणि त्याचा पट्टा.

पोटाचं आधी सांगते, कारण मला स्वतःला गाडी लागते. सीट बनवणाऱ्या बाईला गाडी लागावी याची आमच्या विभागात बरीच थट्टा झाली, पण चाचणीच्या फेरीला मागच्या सीटवर मलाच बसवायचे. मला बरं वाटलं तर कुणालाही बरं वाटेल, असा हिशेब.

आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल कळणारं इंद्रिय आहे. ब्रेक लागला, गाडी वळली की ते लगेच सांगतं. डोळे मात्र मांडीवरच्या पुस्तकात असतील तर ते म्हणतात, कुठे काय, सगळं स्थिर आहे. एकाच घटनेबद्दल दोन साक्षीदारांच्या दोन जबान्या, आणि शिक्षा पोटाला. कानाचा यातला हात जुन्या काळापासून माहीत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मधेच नोंदवून ठेवलं होतं, की कर्णबधिर माणसांपैकी अनेकांना गरगर फिरवलं तरी चक्कर येत नाही. त्यांच्या कानातलं तेच इंद्रिय निकामी असतं. बाकी आपल्या सगळ्यांना गाडी, बोट, विमान यांपैकी काही ना काही लागू शकतं, प्रमाण तेवढं कमीजास्त.

गाडी चालवणाऱ्याला मात्र ती सहसा लागत नाही. वळण तोच घेणार असतो, ब्रेकही तोच दाबणार असतो. पुढे काय होणार याची खबर त्याच्या शरीराला आधीच असते. चालक काढून टाकला की ही सवलत कुणालाच उरत नाही. वर प्रवाशाला म्हणायचं, आता मोकळा आहेस तर खाली मान घालून ईमेल वाच. मिशिगन विद्यापीठातल्या सिवाक आणि शोएटल यांनी २०१५ मधे अंदाज मांडला होता, की पूर्ण स्वयंचलित गाडीत बसणाऱ्या अमेरिकी प्रौढांपैकी ६ ते १० टक्क्यांना कमीअधिक मळमळ वरचेवर किंवा दर वेळी होईल. आकडा लहान वाटेल. पण जी गाडी दिवसभर वेगवेगळ्या माणसांना घेऊन फिरणार आहे तिच्या मागच्या सीटवर हा आकडा काय करून ठेवील, ते साफसफाई करणाऱ्याला विचारा.

सगळ्यात जास्त छळणारा हेलकावा साधारण पाच सेकंदांत एकदा येणारा असतो. खड्ड्यांच्या धडधडीने मळमळत नाही, पाठ दुखते. मळमळतं ते हळूहळू थांबत, हळूहळू निघत, लांबट झोके घेत जाणाऱ्या गाडीत. म्हणजे गाडी मऊ केली, गुबगुबीत केली की प्रश्न सुटला असं नाही; कधीकधी वाढतो.

याचा एक फार चांगला दाखला रेल्वेतला आहे. ब्रिटिश रेल्वेने डिसेंबर १९८१ मधे लंडन-ग्लासगो मार्गावर एपीटी ही वळणावर आपणहून कलणारी गाडी आणली. वळणाचा ओढा प्रवाशाला अजिबात जाणवू नये इतका तिचा डबा बिनचूक कलायचा. अंगाला वळण कळत नव्हतं, खिडकीबाहेरची जमीन मात्र तिरपी होताना दिसत होती. पहिल्या फेरीला नेलेल्या पत्रकारांना मळमळलं आणि दुसऱ्या दिवशी तसंच छापून आलं. पुढे इंजिनिअरांना उमगलं ते असं, की कलणं थोडं कमी ठेवावं, वळण थोडं अंगाला लागू द्यावं. शरीराला आराम हवा असतो हे खरं, पण त्याआधी त्याला बातमी हवी असते.

म्हणून खिडकीच्या जागी पडदा हे मला सगळ्यात मोठं खूळ वाटतं. खिडकी हेच तर औषध आहे. काचेची खालची कड खाली आणा, म्हणजे लहान मुलाला आणि बुटक्या माणसालाही रस्ता दिसेल. पडदा द्यायचाच असेल तर तो मांडीवर नको, दारातही नको. समोर, नजरेच्या उंचीला, आणि एवढाच मोठा की त्याच्या चारही बाजूंनी बाहेरचं जग हलताना दिसत राहील. आणखी एक गोष्ट मला कुठल्याच चकचकीत चित्रात दिसत नाही. अशा गाडीला पुढची काही सेकंदं आपण काय करणार आहोत हे पक्कं ठाऊक असतं, वाट आधीच आखलेली असते. मग ती प्रवाशाला का सांगत नाही? वळायच्या जरासं आधी सीटच्या त्या बाजूची कूस हलकीशी फुगवता येते. कमरेला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या महागड्या सीटमधे आजही असतातच, त्यांना हे काम लावायचं. नाहीतर दारावरची दिव्यांची पट्टी त्या दिशेला सरकवायची. सिट्रोएनने २०१८ मधे कडेने रंगीत पाणी खेळणारा चष्मा काढला, अॅपलने २०२४ मधे फोनच्या पडद्याच्या कडांना गाडीबरोबर सरकणारे ठिपके दिले. दोन्हींची युक्ती एकच, डोळ्यांना गाडीच्या हालचालीची खबर पोचवायची. मग जी गाडी स्वतः वळते आहे तिने हे काम चष्म्यावर आणि फोनवर का टाकावं?

समोरासमोरच्या बैठकीत निम्म्या लोकांच्या पाठी प्रवासाच्या दिशेला. समोरून धडक बसली तर उलटं बसणं खरं म्हणजे बरं, लहान बाळांच्या सीट म्हणूनच उलट्या लावायला सांगतात. पण पुढचा रस्ता दिसत नसताना वाचायला घेतलं तर माझ्यासारखीचं काय होईल, ते लिहिण्याची गरज नाही. गप्पा मारायला चौघांनी समोरासमोर बसावं, जरूर बसावं. त्याच बैठकीला कार्यालय म्हणू नये.

आता पट्टा. त्या चित्रातल्या आडव्या आजोबांची मला खरोखर काळजी वाटते. नेहमीच्या सीटची पाठ उभ्या रेषेपासून वीस-पंचवीस अंश मागे असते आणि पट्टा, एअरबॅग, गुडघ्यासमोरचा डॅशबोर्ड हे सगळं त्या बसण्याच्या हिशेबाने बेतलेलं असतं. पट्ट्याचा कमरेवरचा भाग ओटीपोटावर नसतो, तो दोन्ही बाजूंच्या कटीच्या हाडांवर अडकतो. हाड मजबूत, ते मार सोसतं. माणूस मागे रेलला की कटी मागे फिरते, हाडाची ती कड निसटते आणि धडकेत शरीर पट्ट्याखालून पुढे सरकतं. पट्टा वर, मऊ पोटात. आमच्या भाषेत याला सबमरीनिंग म्हणतात. स्लेडवरच्या, म्हणजे सीटला धडकेसारखा झटका देणाऱ्या गाड्यावरच्या, चाचणीत हे मी पाहिलेलं आहे. सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आटोपतो, नुसत्या डोळ्यांना फक्त एक धाडकन आवाज आणि वाकडी झालेली डमी (माणसाएवढा चाचणीचा पुतळा) दिसते. नंतर हायस्पीड कॅमेऱ्याचं चित्रण संथ करून लावलं की डमीचे गुडघे पुढे जाताना, कंबर सीटच्या कडेवरून घसरताना आणि पट्टा बरगड्यांखाली रुतताना दिसतो. खोलीत कुणी बोलत नाही. मग कुणीतरी म्हणतं, सीटच्या पुढच्या कडेखाली पत्रा वर घ्यायला हवा, आणि काम सुरू होतं.

यावर उपाय नाहीत असं नाही. पट्टा गाडीच्या खांबाऐवजी सीटलाच जोडायचा, म्हणजे पाठ कितीही रेलली तरी तो छातीला चिकटून राहतो. पण मग धडकेचा सगळा भार सीटच्या सांगाड्यावर येतो आणि तिथून सीट ज्यावर सरकते त्या रेलवर. खुर्ची फिरती असेल तर तो भार त्या फिरत्या चकतीने सोसायचा. वजन वाढतं, उंची वाढते, किंमत वाढते. करता येतं, पण ते करून, धडकवून, दाखवून मग चित्र छापावं. अमेरिकेच्या एनएचटीएसए या वाहन सुरक्षा यंत्रणेने मार्च २०२२ मधे स्टीअरिंग नसलेल्या गाड्यांसाठी नियम बदलले, तेव्हाही पाया एकच ठेवला: चालक नसला तरी आतल्या माणसाला संरक्षण तेवढंच मिळालं पाहिजे.

लॅपटॉपचं साधं गणित आहे. शहरी वेगाला जोराची धडक बसली तर आतल्या वस्तूंना गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट झटका सहज बसू शकतो. दीड किलोचा लॅपटॉप त्या क्षणी पंचेचाळीस किलोच्या वजनासारखा समोरच्याच्या तोंडावर जातो. म्हणून टेबल देणार असाल तर त्यात लॅपटॉप पकडणारी खाच द्या, टेबलाची कड पोटाला लागली तर दबेल अशी करा. विमानात उड्डाणाच्या आणि उतरायच्या वेळी ट्रे बंद करायला लावतात, तेही इतक्या वर्षांच्या सवयीनंतर.

एक घोळ तुमच्या लेखातही झाला आहे, तो सांगायला हवा. स्वयंचलित म्हणजे सगळ्या गाड्या एकाच जातीच्या नव्हेत. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. चौथ्या पायरीची गाडी ठरावीक भागात स्वतःची जबाबदारी स्वतः घेते. तिसऱ्या पायरीच्या गाडीला मात्र अडचण आली की माणूस लागतो. मर्सिडीजला जर्मनीत डिसेंबर २०२१ मधे जी परवानगी मिळाली ती या तिसऱ्या पायरीची, सुरुवातीला ताशी ६० किलोमीटरपर्यंत. अशा गाड्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १५७ व्या नियमानुसार, गाडीने ‘आता तू घे’ असं सांगितल्यावर माणसाला निदान दहा सेकंद मिळतात, आणि त्याच क्षणी गाडीच्या पडद्यावरची करमणूक आपोआप बंद व्हावी लागते. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांना माणूस कळला होता.

पण दहा सेकंदांत काय काय होतं ते करून बघा. लॅपटॉप मिटायचा, तो ठेवायचा कुठे हे शोधायचं, टेबल सरकवायचं, पायाखालचा आधार आत घ्यायचा, आणि मोटरवर चालणारी पाठ तिच्या चालीने घूं घूं करत वर यायची वाट बघायची. ती मोटर मुद्दाम संथ ठेवलेली असते, नाहीतर कुणाचं बोट चेमटेल. तिसऱ्या पायरीच्या गाडीत आडवी होणारी खुर्ची आणि मांडीवरचा पसारा देणं म्हणूनच मला बेजबाबदारपणाचं वाटतं. तिथे एक पडदा, सरळ पाठ आणि हात मोकळे, एवढ्यावर थांबावं.

कामाबद्दल. चालत्या गाडीत टंकलेखन नीट होत नाही याचं कारण आळस नाही. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला चार ते सहा वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त साथ देतं, आणि रस्त्यावरून येणाऱ्या हादऱ्यांत नेमके तेही असतात. बोट एका कळीवर नेलं की दुसरीवर पडतं. बोलून करायचं आणि ऐकून करायचं काम मात्र छान होतं. मग पैसा पडद्यावर घालण्यापेक्षा दाराच्या रबरावर, काचेच्या जाडीवर आणि चांगल्या मायक्रोफोनवर घालावा. भाड्याच्या गाडीत कॅमेरेही असतात. ते कधी चालू असतात, आवाज टिपतात का, हे दारातच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं. रुग्णाचा अहवाल किंवा अशिलाचं प्रकरण फोनवर बोलणाऱ्याला ते बसायच्या आधी कळायला हवं.

आणि हे काम हवंय कुणाला, हेही एकदा विचारावं. घरून निघाल्यापासून टेबलाशी पोचेपर्यंतचा वेळ हा आत्तापर्यंत कुणाचाच नव्हता. गाडीत कार्यालय आलं की साहेब विचारणार, ‘वाटेत बघून ठेवलंत ना?’ मला आठवतंय, प्रवासात डोळे मिटून बसलेल्या माणसाला आम्ही चाचणीच्या कागदावर ‘निष्क्रिय प्रवासी’ असं लिहायचो. माझ्या अनुभवात सीटबद्दलच्या सगळ्यात नेमक्या तक्रारी याच निष्क्रिय माणसांकडून यायच्या. मान कुठे अवघडते, मांडीखाली कड कुठे टोचते, ते त्यांनाच कळायचं. लॅपटॉपवाल्यांना उतरेपर्यंत काहीच कळायचं नाही, आणि उतरल्यावर सगळंच दुखायचं.

करमणुकीत मला फार गती नाही, ज्यांना सिनेमा बघायचा त्यांनी बघावा. फक्त पडदा बंद करायचं बटण हवं. बोटाला लागणारं, खरं बटण, मेनूच्या चौथ्या पानावर दडवलेलं नको. आणि ते दाबल्यावर जाहिरातसुद्धा बंद व्हावी.

तुमच्या वार्ताहरांना एक विनंती. या गाड्यांवर पुन्हा लिहाल तेव्हा कंपनीला नुसती चित्रं मागू नका. पाठ ४५ अंश रेललेल्या खुर्चीत डमी बसवून धडक चाचणी केली का, आणि तिचं चित्रण दाखवता का, हे विचारा. मागच्या दिशेला तोंड करून वीस मिनिटं वाचत बसलेल्या किती माणसांना मळमळलं, तेही विचारा. चाकाच्या खुर्चीतून येणारा माणूस आत कसा चढतो आणि त्याची खुर्ची जमिनीला कशाने बांधतात, हे मात्र न विचारता जाऊन पाहा, कारण या प्रश्नाला सगळे ‘हो, सोय आहे’ असंच म्हणतात. उत्तरं आली तर तशीच्या तशी छापा. तांत्रिक शब्द अडले तर मला कळवा, मी समजावून सांगेन.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त सीट-अभियंता